डोंगरात वळवाने गाठले तर

आपला माण तालुका दुष्काळी. पाऊस थोडा. म्हणून नवखा गडी म्हणतो, "इथल्या डोंगराला काय भ्यायचं?" पण वैशाखातला वळीव तासाभरात दाणादाण करतो.

समजा, असा गडी कुळकजाईहून सीताबाईच्या डोंगरावर एकटाच निघाला. आपली माणगंगा उगवते तो हा डोंगर. सकाळी कडक ऊन. दुपारी ढग काळे झाले, वारा सुटला. माथा हाकेवर राहिला. मन म्हणते, चल, एवढा गाठू. आम्ही म्हणतो, नको. तिथूनच फिरावे.

वीज चमकली की एक, दोन असे सेकंद मोजावेत. आवाजाला १ किलोमीटर यायला सुमारे ३ सेकंद लागतात. तिसाच्या आत गडगडाट आला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. ती तुमच्यावरही पडू शकते. डोंगराची धार सोडून खाली उतरावे. एकट्या झाडाखाली थांबू नये. पुष्कळ मेंढके तिथेच उभे राहतात. ते पाहून आमच्या पोटात गोळा येतो. उघड्यावर सापडलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा.

आता ओढा. सकाळी कोरडा होता, तो गढूळ पाण्याने फुगलेला. गुडघाभर पाण्याची ओढही माणसाला पाडते. पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच बसावे. भाकरी आणि घोंगडी बरोबर असली तर रात्रही निघते. घरी वाट सांगून निघाला असेल, तर गावची माणसे बॅटऱ्या घेऊन पलीकडच्या काठावर येतात.