भिंत पुसण्याआधी भिंत ओळखावी

अमेरिकेत नव्याने घर मांडणाऱ्यांना इथे स्थिरावलेली मराठी कुटुंबे भिंतींच्या सफाईबद्दल जे सल्ले देतात, ते पहिल्यांदा ऐकताना एकमेकांना खोडून काढणारे वाटतात. कोणी सांगते साबणाचे पाणी पुरते, कोणी म्हणते पाणी लावूच नका. कोणी पांढऱ्या मेलामाइन स्पंजचे गोडवे गाते, तर कोणी तो भिंतीजवळ आणू देत नाही. नीट चौकशी केली की कळते, सगळ्यांचेच म्हणणे खरे आहे, फक्त प्रत्येकाची भिंत निराळी आहे. आपल्याला डाग पाहून उपाय शोधायची सवय असते. इथे आधी भिंत पाहावी आणि मग डाग, एवढे एक सूत्र धरले तर बाकीचे सल्ले आपोआप जागेवर बसतात.

आपल्याकडची भिंत म्हणजे विटांवर सिमेंटचा गिलावा, त्यावर डिस्टेंपर किंवा ऑइल पेंट आणि ओट्यामागे टाइल्स. दिवाळीआधी तिच्यावर चार हात जास्त मारले तरी फारसे बिघडत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक घरांत आतल्या भिंती ड्रायवॉलच्या असतात. लाकडी किंवा धातूच्या चौकटीवर साधारण अर्धा इंच जाडीचे जिप्समचे तक्ते बसवतात, त्यांना दोन्ही बाजूंनी कागद असतो आणि रंग त्या कागदावर चढवलेला असतो. सांध्यांतून किंवा खिळ्याच्या भोकांतून पाणी आत मुरले की कागद फुगतो, रंगाला फोड येतात आणि ओला कागद बुरशीला आयते अन्न पुरवतो. भिजलेल्या वस्तू 24 ते 48 तासांत वाळवा, असे अमेरिकेचे पर्यावरण खाते सांगते ते याचसाठी. म्हणून फडके घट्ट पिळून घ्यावे, स्विच आणि सॉकेटच्या आसपास तर जास्तच जपावे, आणि पुसून झाल्यावर भिंत कोरड्या कापडाने टिपावी.

तक्त्याखालोखाल महत्त्व रंगाच्या चकाकीला. बैठकीत आणि झोपायच्या खोल्यांत बरेचदा फ्लॅट म्हणजे बिनचकाकीचा रंग असतो. तो खडबडीतपणा लपवतो, पण मळ शोषतो, आणि घासला की घासलेल्या जागी चमकू लागतो. खिडकीतून तिरपे ऊन आले की डागापेक्षा त्या चमकेकडेच आधी लक्ष जाते. मेलामाइन स्पंज हा प्रत्यक्षात अतिशय बारीक पॉलिश पेपर असल्याने सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस अशा चकाकीच्या रंगावर, तोही हलक्या हाताने, ठीक आहे. फ्लॅट रंगावर नाही. खात्री नसेल तर दारामागच्या कोपऱ्यात ओले फडके फिरवून बघावे. फडक्यावर रंग उतरला तर तिथेच थांबावे. कागदी वॉलपेपरला कोरडे कापडच बरे, व्हिनाइलच्या वॉलपेपरला ओलसर फडके चालते. ग्लेझ्ड टाइल्स जोर सोसतात, पण संगमरवर लिंबू किंवा व्हिनेगरने कायमचा निस्तेज होतो.

आपल्या घरांत खरी परीक्षा होते ती स्वयंपाकघराची आणि देवघराच्या कोपऱ्याची. अनेक अपार्टमेंटांत शेगडीवरचा पंखा हवा बाहेर न सोडता गाळून परत खोलीतच सोडतो, त्यामुळे फोडणीतली तेलाची वाफ भिंतींवर बसते आणि तिच्यावर धूळ चिकटते. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे काही थेंब टाकून खालून वर पुसत जावे, कारण वरून ओघळलेले घाण पाणी खालच्या कोरड्या मळावर पट्टे उमटवते. नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढून टाकावा. हळदीच्या डागाला अमोनिया किंवा धुण्याचा सोडा लावला तर तो जाण्याऐवजी तांबडा होतो, कारण हळदीतले कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, पण उजेडात हळूहळू विरते. म्हणून साबणाने तेल काढून उरलेला पिवळेपणा उन्हावर सोडणे हाच शहाणपणा. उदबत्ती आणि निरांजनाच्या काजळीला मात्र आधी पाणी लावूच नये, ती पसरते. हार्डवेअरच्या दुकानात काजळीसाठी मिळणाऱ्या कोरड्या रबरी स्पंजने ती आधी उचलावी.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: एवढे सोपस्कार कशाला, कडक रसायन मारले की काम होते. ड्रायवॉलवर ब्लीच वरचा काळेपणा घालवते, पण कागदात मुरलेली बुरशी आणि तिला जगवणारा ओलावा तसाच राहतो. शिवाय ब्लीच अमोनियात किंवा व्हिनेगरमध्ये मिसळले तर विषारी वायू निघतात. घर 1978 पूर्वीचे असेल तर आणखी जपायला हवे. त्या वर्षी अमेरिकेत घरगुती रंगांत शिशावर बंदी आली, त्यामुळे जुन्या थरांत शिसे असू शकते. अशा भिंतीचे पोपडे कोरडे खरवडले की ती धूळ रांगत्या मुलाच्या हातातून पोटात जाते. घरमालकाने ठाऊक असलेली शिशाची माहिती करार करण्याआधी द्यावी, असा कायदा आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा असतो: घर भाड्याचे, आपण गेल्यावर मालक रंग देणारच, मग आपण कशाला झिजायचे? नेहमीच्या वापराने झालेल्या झिजेचे पैसे मालकाने कापू नयेत हे खरे. कॅलिफोर्नियात तर घर सोडल्यापासून 21 दिवसांत कपातीचा हिशेब त्याला द्यावा लागतो. पण शेगडीमागचा तेलकट थर किंवा घासून उडालेला रंग नेहमीच्या झिजेत मोडेलच असे नाही, आणि तिथेच डिपॉझिट अडकते. म्हणजे मुळीच न पुसणे जितके महाग, तितकेच चुकीचे घासणेही. म्हणून किल्ली हातात घेतानाच प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो काढावेत, रंगाचे नाव आणि चकाकी मालकाला विचारून लिहून ठेवावी, आणि फोडणी घालताना पंख्याबरोबर खिडकीही उघडावी. भिंतीवर न बसलेले तेल पुसावे लागत नाही, आणि कमी पुसलेली ड्रायवॉलच जास्त टिकते.