फुटबॉल क्लबांचा विमा आणि आपला कारागीर

कोल्हापूरचे फुटबॉलवेड मलकापूर-कराडच्या माणसाला सांगावे लागत नाही. मात्र पगारी फुटबॉल हा खेळ आहे तसा धंदाही आहे. या धंद्याचे बहुतेक भांडवल खेळाडूंच्या पायांत असते. क्लब ते कसे सांभाळतात, हे ज्यांचा धंदा कारागिरांच्या हातांवर चालतो त्यांनी समजून घ्यावे, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो क्लबचा ब्राझिली खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर गोलरक्षकाशी टक्कर होऊन मरण पावला. डेम्पोचे दोन्ही गोल त्यानेच केले होते. अशा प्रसंगी नुकसान दोन ठिकाणी होते. घरचा कमावता माणूस जातो आणि क्लबचा कामाचा माणूसही जातो. विम्यात या दोन नुकसानींचा हिशेब वेगळा मांडतात.

पहिला विमा खेळाडूचा. त्यात मृत्यू वा अपंगत्वाची रक्कम त्याला किंवा त्याच्या वारसांना मिळते. दुसरा क्लबचा स्वतःचा. खेळाडू कायमचा निकामी झाला तर त्याला घेताना मोजलेली किंमत बुडते. काही महिने जायबंदी राहिला तर काम नसताना पगार चालू राहतो. या दोन्हींसाठी क्लब विमा उतरवतात. हप्ता वय, पगार आणि पूर्वीच्या दुखापती पाहून ठरतो. जुना दुखरा गुडघा बहुधा विम्यातून वगळला जातो. सुरुवातीच्या काही आठवड्यांचा भार क्लबने स्वतः सोसायचे ठरवले, तर हप्ता कमी होतो.

खेळाडू दुसऱ्यासाठी खेळताना जखमी झाला तर भरपाई कोणी द्यायची? बेल्जियमच्या शार्लरोआ क्लबचा अब्देलमजीद उल्मेर्स नोव्हेंबर २००४ मध्ये मोरोक्कोच्या राष्ट्रीय संघाकडून खेळताना जायबंदी झाला व कित्येक महिने बसून राहिला. त्याची झळ क्लबला बसली. क्लब फिफाविरुद्ध न्यायालयात गेला. २००८ मध्ये मोठे क्लब व फिफा यांच्यात समझोता झाल्यावर दावा मिटला. पुढे २०१२ मध्ये फिफाने क्लबांसाठी योजना आणली. राष्ट्रीय संघाकडून खेळताना झालेली दुखापत २८ दिवसांपेक्षा जास्त टिकली, तर पुढचा पगार क्लबला मिळतो. मर्यादा रोज २०,५४८ युरो, एका अपघातास ७५ लाख युरो. मात्र मृत्यू, कायमचे अपंगत्व आणि औषधोपचार या योजनेत बसत नाहीत.

यातून आपल्या धंद्याला तीन गोष्टी घेण्याजोग्या आहेत.

एक, विम्यात काय मिळत नाही ते आधी वाचावे. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूस २ लाख मिळतात. पण वेल्डरचा हात मोडून तो दोन महिने घरी बसला, तर त्या मजुरीचे काहीच मिळत नाही. त्यासाठी साप्ताहिक भरपाई देणारी वैयक्तिक अपघात पॉलिसी वेगळी घ्यावी लागते.

दोन, कारागीर दुसऱ्याच्या कामावर पाठवताना अपघाताची जबाबदारी कोणाची, हे आधी कागदावर लिहून घ्यावे. कामावरील अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे.

तीन, लहान दुखापतींचा खर्च भागवण्यासाठी गल्ल्यातून दरमहा थोडी रक्कम बाजूला काढावी आणि न झेपणाऱ्या नुकसानीसाठीच विमा घ्यावा.

व्यापारी विमा ज्यांना शरियतच्या दृष्टीने मान्य नाही, त्यांच्यासाठीही मार्ग आहे. जेद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीने १९८५ मध्ये परस्पर सहकार्यावर चालणारा विमा ग्राह्य मानला आहे. शेजारच्या दुकानदारांनी मिळून कारागिरांसाठी मदत निधी उभारला, तरी अडचणीच्या काळात कारागिराच्या घरची चूल पेटती राहील.