फजितीची प्रतवारी

जपानला निघालेल्या माणसाच्या हाती आपल्याकडे दोन याद्या पडतात. पहिली काय बघायचं त्याची: फुजी, क्योतोची देवळं, नाराची हरणं, हिरोशिमा. दुसरी काय चुकू नये त्याची, आणि ती दिवसेंदिवस लांबतच चालली आहे. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका, गाडीत फोनवर बोलू नका, टिप देऊ नका. यातलं खोटं फारसं काही नाही. पण सगळं एकाच चढ्या आवाजात सांगितलं जातं, आणि घोळ होतो तो तिथेच. औषधांच्या पिशवीतली चूक आणि टॅक्सीच्या दारापाशी झालेली चूक एकाच पंगतीला बसवली, की माणूस एकतर सगळ्यालाच बिचकतो, नाहीतर कंटाळून यादीच बाजूला ठेवतो. म्हणून निघण्याआधी फजितींची प्रतवारी करा, असं मी सांगते. त्यासाठी एकच प्रश्न पुरतो: या चुकीची किंमत कोण मोजणार, आणि किती?

पहिल्या प्रतीत येतात निस्तरता न येणाऱ्या चुका. त्या मोजक्याच असतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा घरी, बॅग भरतानाच होतात. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, खोकल्याच्या काही औषधांत कोडीन; जपानात दोन्हींवर कडक बंधनं आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एका महिन्याहून जास्त पुरतील इतकी न्यायची असली, तर आधी अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. तिकडच्या नातवंडांसाठी हापूसची पेटी नेण्याचा मोह होतो, पण ताज्या फळांना तपासणीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, नाहीतर पेटी विमानतळाच्या बाहेर पडत नाही. पासपोर्ट हॉटेलात ठेवून फिरणं आपल्याला शहाणपणाचं वाटतं. तिथल्या कायद्याप्रमाणे पर्यटकाने तो सतत जवळ बाळगायचा असतो. शुद्ध शाकाहारी माणसाची चूक तर ताटातच दबा धरून बसलेली असते. मिसो सूपात टोफूचे पांढरे तुकडे तरंगताना दिसतात, पण खालचं पाणी बहुधा दाशीचं असतं, आणि दाशी बरेचदा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून करतात. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. ‘मासा नको, माशाचा अर्कही नको’ असं जपानीत लिहून घेतलेली चिठ्ठी खिशात हवी. सगळी दक्षता या चार-पाच गोष्टींवर खर्च करावी.

दुसरी प्रत आपण सहसा विसरतो: चूक आपली, भुर्दंड यजमानाला. गरम पाण्याच्या सार्वजनिक कुंडात, म्हणजे ओन्सेनमध्ये, उतरण्याआधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ करायची असते. कुंडातच अंग घासायला उतरलेला पाहुणा सगळ्यांचंच पाणी खराब करतो. तातामीच्या चटईवर सपाता चालत नाहीत, स्वच्छतागृहातल्या सपाता तर नाहीच नाही. क्योतोच्या गिओन भागात गेइशा आणि माइको, म्हणजे शिकाऊ गेइशा, यांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांचा इतका उपद्रव झाला, की २०२४ मध्ये तिथल्या काही खाजगी गल्ल्या पर्यटकांना बंद कराव्या लागल्या. पाहुण्याला माहीत नसतं, तेव्हा त्याला सगळं माफ असावं, असा युक्तिवाद यावर होतो. एका पाहुण्यापुरता तो खरा आहे. पण यजमानाच्या दारी तीच चूक रोज नवा पाहुणा करतो, आणि सोसणारा तोच राहतो. म्हणून या प्रतीचे नियम थोडे असले तरी पाठच हवेत.

उरलेल्या सगळ्या चुका तिसऱ्या प्रतीच्या, आणि त्या खुशाल होऊ द्याव्यात. टॅक्सीचं मागचं डावं दार चालक आतून कळ दाबून उघडतो आणि लावतो. आपण सवयीने हात घालतो, ते आपोआप हलू लागतं, आणि दोघेही हसतात. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहायचं, ओसाकात उजवीकडे. दोन दिवसांपूर्वी शिकलेलं शहाणपण ओसाकात आडवं येतं. बिलावर ठेवलेली टिप परत द्यायला वेटर मागे धावत येतो. पेयांच्या यंत्रात निळी पट्टी गारसाठी आणि लाल गरमसाठी असते, हे कळेपर्यंत कडाक्याच्या थंडीत बर्फगार, बिनसाखरेचा चहा पदरी पडतो. आणि कळलं, की फलाटावर दोन्ही हातांत धरलेला कॉफीचा गरम डबा हे एक वेगळंच सुख असतं. कोपऱ्यावरच्या दुकानातली ओनिगिरी घ्या. भाताच्या त्रिकोणाभोवती समुद्री शेवाळाचा पापुद्रा असतो, तो कुरकुरीत राहावा म्हणून भात आणि पापुद्रा यांच्यामध्ये प्लास्टिकचा पदर घातलेला असतो. वेष्टनावर १, २, ३ असे आकडे छापलेले असतात: आधी मधली पट्टी ओढायची, मग दोन्ही कोपरे. क्रम चुकला की भात हातात आणि पापुद्रा वेष्टनातच. दुसऱ्या दिवशी जमलं, की परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं वाटतं. हा आनंद आधी न चुकलेल्याला मिळत नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की लाखो रुपये खर्चून जायचं ते काय धडपडायला? सहलकंपनी सगळं सांभाळते, जेवायला वरणभातही देते. ज्येष्ठांना, लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना ही सोय लागतेच, आणि त्यात कमीपणा मानण्याचं कारण नाही. पण कंपनी पहिल्या दोन प्रतींच्या चुका टाळते तशाच तिसऱ्याही टाळते, आणि त्यांच्याबरोबर अनेक स्थानकांत फुकट मिळणारे शिक्के वहीत उमटवण्याची मजाही जाते. शिवाय तिसऱ्या प्रतीच्या चुकीचा खर्च अगदी मामुली असतो. टोकियोहून ओसाकाला जाणाऱ्या शिन्कान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरहून मोठ्या बॅगेसाठी जागा आधी राखायची असते. विसरलात तर १,००० येन भरावे लागतात. चुटपुट लागेल, पण सहल बुडत नाही. दुसरा आक्षेप असा, की माहिती मिळतेच आहे तर सगळंच शिकून का जाऊ नये? कारण लक्ष मर्यादित असतं. पन्नास नियम घोकून गेलेला माणूस सपाता आठवत बसतो आणि पासपोर्ट खोलीत विसरतो.

तेव्हा निघण्याआधी एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात औषधं, पासपोर्ट, खाण्याची चिठ्ठी, आणि शेवटच्या गाडीची वेळ. टोकियोतल्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास थांबतात, आणि रात्री दहानंतर टॅक्सी आणखी महाग होते. दुसऱ्या रकान्यात ओन्सेन, सपाता, कॅमेरा. तिसरा रकाना कोरा सोडा. गटासोबत जात असाल, तर एक अख्खी दुपार मोकळी मिळेल का, हे पैसे भरण्याआधी विचारा. मिळाली, तर हॉटेलच्या जवळचं स्टेशन गाठा, एखाद्या लोकल गाडीत बसा आणि नाव वाचता येत नसलेल्या स्थानकावर उतरा. परतीची गाडी समोरच्या फलाटावरून सुटते, एवढं ठाऊक असलं की पुरे.