रांगेचे गणित आणि समता

बँक असो, रेशनचे दुकान असो वा सरकारी दवाखाना. रांग आपल्या वाट्याला येतेच. रांग लांबली की आपण काऊंटरवरच्या माणसाला बोल लावतो. परंतु रांग का वाढते, याचेही शास्त्र आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीशी संबंधित असलेले डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ साली त्याचा पाया घातला.

आम्ही बँक कर्मचारी हे शास्त्र रोज अनुभवतो. समजा, एक कारकून तासाला सरासरी १२ ग्राहकांचे काम उरकतो. तासाला सरासरी ९ ग्राहक आले, तर या शास्त्राच्या साध्या हिशेबाने काऊंटरपाशी सरासरी ३ माणसे असतात व प्रत्येकाला सुमारे २० मिनिटे लागतात. तेच ११ आले, तर ११ माणसे साचतात व प्रत्येकाचा तास जातो. दोनच ग्राहक वाढले, पण वेळ तिप्पट झाला! कारण माणसे ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी एकदम गर्दी होते, कधी कुणीच नसते. शिवाय कुणाचे काम दोन मिनिटांचे, तर कुणाचे दहा. म्हणून थोडी उसंत राखलेली असेल तरच गर्दी ओसरते.

यावर उपाय साधे आहेत :

१) तीन काऊंटरसमोर तीन रांगा न लावता एकच रांग लावावी. जो काऊंटर मोकळा होईल, तेथे पुढच्याने जावे. मग कुणी एकाच्या किचकट कामामागे अडकत नाही.

२) अर्ज व जोडलेली कागदपत्रे दारातच तपासावीत.

३) टोकन देऊन लोकांना बसू द्यावे.

४) वृद्ध, अपंग व गरोदर भगिनींना प्राधान्य द्यावे आणि तसा फलक लावावा.

हे प्राधान्य म्हणजे करुणा होय. वशिल्याने मधे घुसणे मात्र अन्याय होय. हातावर पोट असणाऱ्याची त्यात दिवसाची मजुरी बुडते. सार्वजनिक ठिकाणी सर्वांचा हक्क सारखा, हे बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर कृतीने दाखविले. रांगेतील आपला क्रमांक हा त्याच हक्काचा लहानसा अंश आहे.

तेव्हा शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे शिबिर असो वा ग्रंथविक्रीचा स्टॉल, आपल्या विद्यार्थी कार्यकर्त्यांनी आधी रांगेची आखणी करावी. नीट आखलेली रांग ही समतेची रोजची शाळाच आहे.