शिसं शोषलेल्या मोहरीचं काय करायचं?

जुन्या बॅटऱ्या फोडायचं काम बंद पडलं तरी तिथल्या मातीत शिसं उरतं. ते ओढून घ्यायला मोहरी लावतात. रोप हिरवंगार दिसतं आणि तिथेच घात होतो. कुणी भाजीला पानं खुडतं, कुणाची शेळी मान घालते. शिसं कुठे गेलेलं नसतं, ते मातीतून झाडात आलेलं असतं. म्हणून पेरणीच्या दिवशीच जाळीचं कुंपण घाला, पाटी लावा.

काढणी शेंगा भरायच्या आत करा, नाहीतर दाणे पाखरांच्या पोटात जातात. विळा लावू नका, रोपं उपटा. मोहरीत शिशाचा मोठा वाटा मुळांतच अडकलेला असतो. आदल्या संध्याकाळी हलकं पाणी शिंपडलं की मुळं तुटत नाहीत, धूळही उडत नाही. मुळांची माती त्याच वाफ्यात झटका. हातमोजे, गमबूट आणि एन-९५ मास्क हवाच. रुमालाने ही धूळ अडत नाही.

खरं जपायचं ते वाळवताना. ताज्या रोपात बहुतेक वजन पाण्याचं, ते उतरलं की वाहतूक सोपी होते. पत्र्याच्या शेडखाली जाड प्लास्टिक अंथरा आणि कडा वीतभर वर दुमडा, निथळ बाहेर जाता कामा नये. पान कडकडीत वाळलं की चिमटीत पापडासारखं चुरतं आणि तो चुरा श्वासात जातो. पान मऊसर असतानाच आतून प्लास्टिक असलेल्या पोत्यात भरा. तोंड बांधा, वजन, तारीख आणि ‘शिसं – हात लावू नका’ असं ठळक लिहा.

हा पाला कधीही पेटवू नका. शिसं जळून संपत नाही, धुरातून आणि राखेतून वस्तीत शिरतं. खतखड्ड्यातही नको: पाला कुजतो, शिसं तसंच राहतं आणि खताबरोबर दुसऱ्याच्या शेतात पोचतं.

पोत्यांतला नमुना प्रयोगशाळेत द्या. झिरप चाचणीत लिटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा जास्त शिसं उतरलं, तर २०१६ च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा. मग उघडा ट्रॅक्टर चालत नाही. परवानगी असलेल्या गाडीतून, मॅनिफेस्टच्या, म्हणजे वाहतुकीच्या नोंदपत्राच्या, सात प्रतींसह, तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचरा प्रकल्पात माल द्यावा लागतो, तोही ९० दिवसांच्या आत. शिसं कमी उतरलं तरी चारा, सरपण किंवा खत म्हणून देऊ नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारूनच पुढचं ठरवा.

अवजारं त्याच वाफ्यात धुवा. कामाचे कपडे तिथेच बदला, घरी लेकरांच्या कपड्यांबरोबर भिजवू नका.