फाडफाड नको, कामापुरतं पक्कं

दहावी-बारावीचा निकाल लागला की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, इंग्लिश स्पीकिंगचा क्लास कुठला लावू?" मुलाला इंग्रजीत ऐंशीच्या वर मार्क असतात. निबंध पाठ, ग्रामर पक्कं. पण मुलाखतीत कुणी 'टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ' म्हटलं की नाव, गाव, कॉलेज सांगून गडी गप्प. मग घरचे म्हणतात, मराठी माध्यमात घातलं तिथंच चुकलं.

मला हे पटत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. बारावीपर्यंत बारा वर्षं होतात. वर्षं कमी पडत नाहीत, आणि बहुतेकदा शब्दही कमी पडत नाहीत. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याला शिक्षक घडवण्याचं काम करत. बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला कसं शिकवावं यावर त्यांनी बरंच डोकं चालवलं. पुढे १९५३ साली त्यांनी रोजच्या वापरातल्या सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातले दहापैकी जवळपास आठ शब्द एवढ्या यादीतले असतात. आपल्या बारावीच्या मुलाला यातले बहुतेक शब्द वाचले की कळतात. फक्त वेळेवर तोंडात येत नाहीत.

आणि तयारी कशाची चालते? मोबाइलवर रोज येणाऱ्या 'वर्ड ऑफ द डे'ची. 'युबिक्विटस', 'प्रोक्रॅस्टिनेट' असले शब्द वहीत उतरवले जातात. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मात्र साहेब म्हणतात, 'प्लीज लुक इंटू इट', 'फॉलो अप विथ देम', 'वुई आर रनिंग आउट ऑफ टाइम'. लुक, रन, गेट, टेक, पुट हे प्राथमिक शाळेतले शब्द; त्यांना अप, ऑफ, आउट, इंटू चिकटलं की अर्थ पार बदलतो. ऑफिसातलं बोलणं बरंचसं या जोड्यांवरच चालतं. आधी त्या शिकाव्यात.

दुसरी अडचण सौजन्याची. क्लासवाले तिच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. मराठीत आपण आदर क्रियापदातच घालतो. 'फॉर्म द्या' म्हटलं की मान राखला जातो, 'द्या ना' म्हटलं की विनंतीही होते. तोच मुलगा इंग्रजीत 'गिव्ह मी फॉर्म' म्हणतो आणि समोरच्याला उद्धट वाटतो. घरी वडीलधाऱ्यांपुढे मान वर न करणारं पोरगं! इंग्रजीत 'यू' एकच, साहेबालाही आणि शिपायालाही. त्यामुळे आदराचं सगळं काम 'कुड यू', 'मे आय', 'वुड यू माइंड' यांनाच करावं लागतं. नकाराचंही तसंच. आपल्याकडे 'बघू', 'सांगतो' म्हणून वेळ मारून नेता येते. तिथे 'आय अ‍ॅम अफ्रेड आय कान्ट डू इट टुडे, बट आय विल सेंड इट बाय टेन टुमारो' असं नेमकं सांगावं लागतं. अशी वीस-पंचवीस वाक्यं आख्खीच्या आख्खी जिभेवर बसवावीत. ऐकू आलं नाही तर 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' आणि उत्तर माहीत नसेल तर 'लेट मी चेक अँड गेट बॅक टू यू'. या दोन वाक्यांवर नवख्या माणसाचा पहिला महिना निभावतो.

'डू द नीडफुल', 'प्रीपोन', 'आउट ऑफ स्टेशन' यांची टिंगल बरीच होते. भारतीय ऑफिसात ती चालतात, बिनधास्त वापरावीत. परदेशी ग्राहकाशी बोलायचं काम असेल तिथे जपावं. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' मात्र सुधारून घ्यावं.

तर्खडकरांच्या पाठमालेवर कितीतरी पिढ्या भाषांतर करत इंग्रजी शिकल्या. त्यांचं वाचन-लेखन पक्कं झालं, यात शंका नाही. बोलताना मात्र मनात भाषांतर करायला सवड नसते. म्हणून वहीत शब्द आणि समोर अर्थ असं लिहू नये. आख्खं वाक्य लिहावं, तेही स्वतःच्या रोजच्या कामातलं. दुसऱ्या दिवशी ते झाकून म्हणावं, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. अडलं तर पुन्हा पहिल्यापासून. कोश घ्यायचा तर शिकणाऱ्यांसाठी केलेला घ्यावा. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना केलेला असा कोश १९४२ साली निघाला, आणि ऑक्सफर्डचा आजचा लर्नर्स कोश त्याचाच वंशज. अर्थ सोप्या इंग्रजीत, सोबत वापराची वाक्यं. ऑक्सफर्डचीच 'ऑक्सफर्ड ३०००' ही शब्दांची यादी इंटरनेटवर फुकट मिळते.

इंग्रजी कशासाठी हवं, हेही आधी ठरवा. एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी २०० गुण इंग्रजीचे, तिथे वाक्प्रचार आणि चुका ओळखणं घोटावंच लागतं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतला ३०० गुणांचा अनिवार्य इंग्रजी पेपर फक्त उत्तीर्ण व्हायचा असतो. मुलाखत मराठीत देता येते. परदेशी शिक्षणासाठीच्या आयईएलटीएसमध्ये ११ ते १४ मिनिटं समोरासमोर बोलायचं असतं, आणि पाठ केलेलं उत्तर परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं.

क्लास लावायचाच तर फीच्या आधी एक हिशोब करा. तासाभराच्या बॅचला चाळीस मुलं असतील, तर सर पूर्ण गप्प बसले तरी एकेकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. सर गप्प बसत नाहीत. आठ-दहा जणांची बॅच मिळाली तर बघा. आणि पाहुण्यांसमोर 'काकांशी इंग्रजीत बोल बघू' हे तेवढं बंद करा.

सरावाला फुकटचा माणूस हवा असेल तर बिलावर किंवा पासबुकावर छापलेल्या हेल्पलाइनला फोन लावून इंग्रजीचं बटण दाबावं. प्लॅन कधी संपतो, बिल का वाढलं, नवीन चेकबुक किती दिवसांत येतं, असे तीन प्रश्न आधी कागदावर लिहून ठेवावेत. पलीकडच्याचं कामच ऐकून घेण्याचं असतं आणि तो ओळखीचा नसतो, त्यामुळे हसं होण्याची धास्ती नाही. ओटीपी मात्र कुणी कितीही अस्खलित इंग्रजीत मागितला तरी द्यायचा नाही.