म्हातारपणाच्या पुंजीची फेरवाटणी



लागण, खोडवा, खतांच्या मात्रा यांविषयी आपण या पानांवर नेहमी बोलतो. आज थोडे पैशाच्या मशागतीविषयी बोलू. नोकरदाराला निवृत्तीच्या दिवशी फंड आणि ग्रॅच्युइटी हाती मिळते. शेतकऱ्याला निवृत्तीची तारीखच नसते. गुडघे बोलू लागले की तीच निवृत्ती! म्हणून ऊसबिलातून बाजूला टाकलेली पुंजी नीट सांभाळणे आपल्याला भाग आहे.

अलीकडे बरेच सभासद मुदत ठेवींबरोबर म्युच्युअल फंडातही पैसे घालतात. घालायला हरकत नाही. पण एकदा घातले की आपण तिकडे वळून बघत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो.

हिस्सा कसा बिघडतो?

एक हिशेब मांडू. अठ्ठावन्न वर्षांच्या एका शेतकऱ्याने दहा लाख रुपये साठवले. त्याने ठरवले, की शेकडा 60 ठेवीत आणि शेकडा 40 शेअरच्या फंडात ठेवायचे. म्हणजे 6 लाख ठेव आणि 4 लाख फंड. काही वर्षांनी ठेव साडेसात लाख झाली, कारण थोडे व्याज घरखर्चाला गेले. फंड मात्र 9 लाखांवर गेला. एकूण साडेसोळा लाख. वाटते, झकास झाले! पण पाहा, फंडाचा हिस्सा 40 वरून जवळजवळ 55 झाला. वय वाढले तशी जोखीम कमी व्हायला हवी होती, ती न कळत वाढली.

उसाला दारे धरताना आपण काय करतो? सरी भरली की पाणी पुढच्या सरीत वळवतो. एकीत पाणी तुंबू द्यायचे आणि दुसरी कोरडी ठेवायची, असे कोणी करत नाही. पैशाचेही तेच. साडेसोळा लाखांचे शेकडा 40 म्हणजे 6 लाख 60 हजार. तेवढे फंडात ठेवून वरचे 2 लाख 40 हजार ठेवीकडे वळवायचे. यालाच फेरवाटणी म्हणतात.

न केल्यास काय?

बाजार पडतो तेव्हा सांगून पडत नाही. जानेवारी 2008 मध्ये मुंबईचा सेन्सेक्स 20,000 च्या वर होता, तो ऑक्टोबरात 9,000 च्या खाली आला. जानेवारी 2020 मध्ये 41,000 च्या वर होता, तो 23 मार्चला 25,981 वर बंद झाला.

समजा, आपल्या उदाहरणातला फंड एक तृतीयांशाने पडला. फेरवाटणी न करणाऱ्याचे 9 लाखांचे 6 लाख होतील आणि एकूण साडेतेरा लाख उरतील. करणाऱ्याचे 6 लाख 60 हजारांचे 4 लाख 40 हजार होतील, पण ठेवीत 9 लाख 90 हजार शाबूत असतील. एकूण 14 लाख 30 हजार. फरक 80 हजारांचा.

उलटही होऊ शकते, बरे का! बाजार चढतच राहिला तर फेरवाटणी न करणारा पुढे जाईल. म्हणून हे जास्त नफ्याचे औषध समजू नका. हा बांध आहे. पूर आला तर माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी.

कशी करावी?

1. वर्षातून एकदा, हंगाम संपून हिशेब लागला की सगळी पासबुके आणि फंडाचे उतारे घेऊन बसा. जमीन, राहते घर आणि घरातले दागिने यात धरू नका. ते मोडायचे नसतात.

2. ठरलेल्या हिश्शात शेकडा पाचपेक्षा जास्त फरक पडला असेल तरच हात घाला. रोज भाव बघून धावाधाव नको.

3. शक्यतो नव्या पैशाने भरून काढा. पुढचे ऊसबिल आले की जी बाजू कमी तिकडे टाका. विकायला नको, कर नको.

4. विकावेच लागले तर कर पाहा. वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या शेअर फंडाच्या नफ्यावर, आर्थिक वर्षात सव्वा लाखाच्या पुढे, 23 जुलै 2024 पासून शेकडा साडेबारा कर आहे. थोडे 31 मार्चपूर्वी आणि थोडे 1 एप्रिलनंतर विकले तर ही सवलत दोनदा मिळते.

5. पुढच्या दोन-तीन वर्षांचा घरखर्च आणि दवाखाना यांची रक्कम फंडात कधीच नको.

ठेवीची बाजूही तपासा

ठेव म्हणजे आपोआप सुरक्षित, असे नाही. 4 फेब्रुवारी 2020 पासून बँकेतील ठेवीला, सहकारी बँकाही धरून, एका ठेवीदारास एका बँकेत मुद्दल व व्याज मिळून 5 लाखांपर्यंत विमा आहे. तेव्हा वरचे 9 लाख 90 हजार एकाच बँकेत ठेवू नयेत. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा नाही. कारखान्याकडील ठेवीलाही नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो. साठी ओलांडलेल्यांसाठी पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तिची मर्यादा एप्रिल 2023 पासून 30 लाख आहे आणि व्याज दर तिमाहीला मिळते.

बाजार पडलेला असताना फेरवाटणीचा नियम उलटा चालतो: ठेवीतून थोडे काढून फंडात घालायचे. तेव्हा हात थरथरतो. म्हणून आपला हिस्सा आजच वहीत लिहून ठेवा, आणि ती वही घरच्या कारभारणीला व मुलांनाही दाखवा. आपल्या पाठीमागे पासबुके शोधत बसण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये.